कुणी न नेलेलं लाकूड

वैशाख लागला की आमच्या मुलुंडात रस्त्याकडेला फांद्यांचे ढीग पडायला लागतात. पावसाळ्याआधी झाडं छाटणारी माणसं करवती घेऊन येतात, सकाळभर घरघर चालते, आणि ती गेली की फुटपाथवर पाल्याचा डोंगर उरतो. दुपारपर्यंत तो उन्हानं मलूल होतो आणि त्याला कच्चट, कडवट वास सुटतो. तो वास आला की मी रस्ता ओलांडते. समोरून रिक्षा येत असल्या तरी ओलांडते. कुणी पालीला भितं, कुणी कुत्र्याला. मी तोडून टाकलेल्या फांद्यांना भिते. माझा नवरा प्रशांत म्हणतो, "गुलमोहर आहे गं तो, बॉम्ब नाहीये." मी म्हणते, "तुला काय माहीत? तू त्याचं आधार कार्ड बघितलंस?" मग आम्ही दोघंही हसतो आणि पलीकडच्या बाजूनेच चालत राहतो.

भीतीलाही हंगाम असतो हे मला आधी माहीत नव्हतं. भाद्रपदात मी चांगली धीट असते, थंडीत तर कुणाशीही भांडू शकते. पण उन्हं तापली, खाडीवरून खारट गरम वारा यायला लागला, वस्तीत बुद्धपौर्णिमेच्या खिरीच्या गोष्टी सुरू झाल्या, की माझा हात आपोआप मनगटाकडे जातो. चार वर्षं झाली तरी ते थांबत नाही.

माझं माहेर घाटकोपरचं. चाळीत वाढले, पण गॅस होता, पाणी तापवायला रॉड होता. लाकूड म्हणजे माझ्या लेखी दार, खिडकी आणि शाळेतला बाक. लग्न होऊन आले ती मुलुंड पूर्वेला, पार खाडीच्या अंगाला असलेल्या वस्तीत. दोन खोल्या, वर पत्रा, मागे पडीक मिठागरं आणि त्यांच्याही मागे तिवरांची हिरवी रेघ. आणि दाराबाहेर, भिंतीला लागून, चूल. मी पहिल्या दिवशी ती बघितली तेव्हा मला वाटलं, शोभेची असेल. सकाळी उठले तर सासूबाई तिच्यापुढे उकिडव्या बसून फुंकणीनं जाळ करत होत्या आणि वर काळंकुट्ट तपेलं होतं.

सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आमच्या आत्या जालन्याकडच्या. तीस वर्षं मुंबईत काढली, पण आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं त्यांना कधी पटलं नाही. "गॅसच्या पान्यानं अंग आंबतं," असं त्यांचं ठाम मत होतं. कसं आंबतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवी सून सगळंच विचारत नसते.

त्यांचा दिवस दोन कामांत जायचा. एक, ब्लाउजना हुक लावणं आणि काजं करणं. आसपासचे तीन शिंपी त्यांच्याकडे कपडे पाठवायचे, कारण त्यांचं काज इतकं बारीक असायचं की टाका दिसायचा नाही. सुईत दोरा त्या एका फटक्यात ओवायच्या, बोलता बोलता, सुईकडे धड न बघता. आणि दुसरं काम, जळण. फुकटचं जळण. त्यांनी आयुष्यात कधी लाकूड विकत आणलं नव्हतं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता! रस्त्यानं चालताना बाकीच्या बायका साड्यांच्या दुकानांकडे बघतात, आत्या झाडांकडे बघायच्या. कुठली फांदी वाळलीय, कुठली या वाऱ्यात पडणार, कुठल्या बंगल्याचा सुतार काम संपवून तुकडे टाकणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

त्या मला शिकवायला लागल्या. मला आवडलं म्हणणं खोटं होईल, पण हळूहळू त्यात मन रमायला लागलं. आंब्याची पेटी फोडली की तिच्या फळ्या पेटवणाला चांगल्या, पण त्यांचा जाळ टिकत नाही. गुलमोहर नुसता धूर करतो. सुबाभूळ म्हणजे सोनं. रंग लावलेलं, सनमायका चिकटवलेलं लाकूड चुलीच्या जवळ आणायचं नाही. दोन काटक्या एकमेकींवर आपटायच्या; खण्ण वाजलं तर वाळलं, धप्प वाजलं तर पत्र्यावर टाकायचं. नवीन लाकडाची साल आधी सोलायची, कारण सालीत किडे असतात आणि ते चुलीत तडतडतात. कोयता कसा धरायचा, गाठीच्या बाजूनं घाव न घालता आडून कसा घालायचा, चिरफळ्या कशा रचायच्या म्हणजे मधून वारा खेळतो. दुपारी आम्ही दोघी दारात बसून लाकडं फोडायचो. ऊन पत्र्यावर तापलेलं, घाम गळतोय, हाताला साल घासून घासून खरखरीत झालेली, आणि आत्या गावाकडच्या कापसाच्या पऱ्हाट्या आणि बाभळींबद्दल बोलत असायच्या. मी त्यांना म्हणायचे, "आत्या, तुम्ही झाडांबद्दल बोलता ना, तसं प्रशांतच्या बाबांबद्दल पण कधी बोलत नाही." त्या म्हणायच्या, "झाडानं कधी उलटून उत्तर दिलं नाही मला."

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवली होती. चिकाचं लाकूड. त्यांच्या गावाला शेताच्या कडेनं शेराचं कुंपण असतं. शेर तोडला की पांढरा दुधासारखा चीक येतो, तो डोळ्यात गेला की संपलं. "पर वाळला ना, की शेर गरीब गाय," त्या म्हणायच्या. "दोन-तीन महिने उन्हात टाक, मग त्याच्यासारखं जळन न्हाई. तेल वतल्यावानी पेटतं." म्हणून कुठलंही अनोळखी लाकूड घरात आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

वैशाखात खिरीसाठी लाकूड लागतं. पौर्णिमेला सकाळी विहाराच्या अंगणात मोठ्या पातेल्यात खीर होते, सगळ्या वस्तीची, आणि जळण प्रत्येक घरातून येतं. आत्यांच्या घरातलं जळण सगळ्यात चांगलं, असा वर्षानुवर्षांचा लौकिक. त्या वर्षी मी नवी सून, आणि मला तो लौकिक वाढवायचा होता. हौस हा शब्द मी त्यासाठी वापरते, पण खरं तर मला त्यांची शाबासकी हवी होती. घाटकोपरची पोरगी, काडी पेटवता येत नाही, असं माझ्या पाठीमागे बोललेलं मी ऐकलं होतं.

मिठागराच्या बांधावरून चालत गेलं की खाडीचा काठ लागतो. तिवराला हात लावायचा नाही हे वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. वनखात्याची माणसं फिरत असतात. पण त्या दिवशी मला काठाला ढीगच दिसला. कुणीतरी, कशासाठी तरी, चार-पाच झाडं छाटून फांद्या बांधावर लोटून दिल्या होत्या. मनगटाएवढ्या, काही पोटरीएवढ्या. पानं बरीचशी गळलेली, उरलेली तांबडी लालबुंद झालेली. सरळ, गाठ नसलेल्या, हलक्या फांद्या. मी इकडेतिकडे बघितलं. पलीकडे चिखलात कोळणी कालवं वेचत होत्या, दोघी-तिघी सरपण घेऊन माझ्या बाजूनंच गेल्या. कुणी त्या ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही.

या एका क्षणाकडे मी पुन्हापुन्हा जाते. अख्ख्या मुंबईत फुकटची वस्तू दहा मिनिटं पडून राहत नाही. जुनी गादी टाका, मोडकी खुर्ची टाका, खिळ्यांचा गंज चढलेला डबा टाका, तुम्ही वळेपर्यंत कुणीतरी नेलेला असतो. आणि इथे चुलीला लायक एवढं लाकूड उघड्यावर पडलं होतं, सरपण गोळा करणाऱ्या बायका शेजारून जात होत्या, आणि ते तिथेच होतं. मला प्रश्न पडायला हवा होता. मला झाला तो आनंद. मला वाटलं, माझं नशीब बघा!

दोन दिवसांत मी तीन मोळ्या आणल्या. ओढणीची चुंबळ करून डोक्यावर घेऊन आले, आत्यांसारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शिंप्याकडे गेल्या असताना मी दारात बसून लाकडं फोडायला घेतली. त्यांना आल्या आल्या रचलेला ढीग दाखवायचा होता. बारीक काटक्या वाळलेल्या होत्या. पण जाड फांदीवर कोयता मारला आणि तिच्यातून पांढरा थेंब आला. मग दुसरा. कापलेल्या तोंडावर दूध साचलं आणि माझ्या उजव्या मनगटावरून कोपराकडे ओघळलं. मी ओढणीला पुसलं आणि काम चालू ठेवलं. तासाभरात मनगट चुरचुरायला लागलं. संध्याकाळी तिथे फोड आले, ओळीनं, पाण्यानं भरलेले.

मला आत्यांचा शेर आठवला. आठवला नाही असं मी म्हणू शकत नाही. पण ढीग इतका सुंदर रचला होता!

आत्या आल्या. त्यांनी ढिगाला फेरी मारली, एक लाकूड उचललं, वास घेतला, दुसऱ्यावर आपटलं. माझ्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक आलं ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी विचारलं, "चीक व्हता का गं लाकडात?"

मी म्हटलं, "नाही. कोरडं होतं, एकदम खणखणीत."

"हाताला काय झालं?"

"कुकरची वाफ लागली."

ही दोन वाक्यं बोलायला मला चार सेकंद लागली असतील. हो म्हटलं असतं तर त्यांनी लाकडं दोन-तीन महिन्यांसाठी पत्र्यावर टाकली असती, खिरीला माझं लाकूड गेलं नसतं, आणि पुन्हा मी घाटकोपरची पोरगी झाले असते. एवढंच. खोटं बोलायला याहून मोठं कारण नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी त्यांनी जाड लाकडं विहारात पाठवली आणि बारीक घरी ठेवली. मग चुलीपुढे बसून त्यांनी त्या काटक्यांची साल सोलली, नेहमीसारखी, नखांनी, आणि चूल पेटवली. मी आत पीठ मळत होते. धूर आत आला तसा माझ्या नाकात मिरची जाळल्यासारखं झालं. बाहेर आत्या खोकल्या. मग म्हणाल्या, "आगं बाई, डोळ्यात काय गेलं!" मी बाहेर आले तर त्या फुंकणी टाकून दोन्ही हातांनी डोळे चोळत होत्या. त्याच हातांनी, ज्यांनी साल सोलली होती. मला ओरडायचं होतं की चोळू नका. मी ओरडले नाही. ओरडले असते तर का ते सांगावं लागलं असतं.

दुपारपर्यंत पापण्या सुजून बंद झाल्या. प्रशांत कामावर होता, अंधेरीला. मी त्यांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "धूर." त्यांनी धुराचं औषध दिलं. त्यांचा काय दोष? घरी येऊन मी थेंब घातले. आत्या पडून होत्या आणि म्हणत होत्या, "आगीवानी जळायलंय गं सारिके, कापड भिजवून ठेव." मी कापड भिजवत होते, ठेवत होते, पुन्हा भिजवत होते. मनगटावरचे फोड मी बाहीखाली झाकले होते. भीतीनं माझे पाय इतके गार पडले होते की वैशाखातल्या उन्हात मी मोजे घालून बसले.

सकाळी त्यांनी पापण्या बोटांनी उघडून बघितल्या आणि म्हणाल्या, "आजून उजाडलं न्हाई व्हय?" दारातून ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं.

त्याच वेळी हिराबाय आली. ती जवळच्या कोळीवाड्यातली, रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या गल्लीत यायची. पौर्णिमेला आम्ही घेत नाही हे तिला माहीत होतं, तरी आत्यांशी दोन शब्द बोलायला थांबायची. तिनं आत्यांचे डोळे बघितले आणि पाटी खाली ठेवली.

"काय झाला गो? काय गेला डोल्यान?"

"धूर," मी म्हटलं.

"आसा कनचा धूर?" तिनं चुलीजवळची काटकी उचलली, सालीवर वाळलेला पांढरा ओघळ बघितला आणि काटकी हातातून टाकून दिली. "यो तं गेवा! कोनी आनला यो घरान? आगो, खारीवरचा गेवा आमी तोरत नाय, जालत नाय, त्याचे सावलीन पोरांना खेलू देत नाय. याचा चीक डोल्यान गेला तं डोले जातान! धुरानं पन जातान! म्हनून तं तो ढीग तसाच परलाय तिकरं, कोन घेल त्याला?"

मग मला विहार आठवला. जाड लाकडं तिथे होती, चिकानं भरलेली, आणि आठ वाजता खिरीची चूल पेटणार होती. पातेल्याभोवती दहा-बारा बायका बसतात, वाकून जाळ सारतात, लेकरं मध्ये मध्ये करतात.

मी चप्पल न घालता पळाले. मला ती गल्ली आजही पावलापावलानं आठवते. नळावरचे हंडे, दोरीवरच्या पांढऱ्या साड्या, पंचशील झेंड्यांच्या माळा, कुणीतरी म्हणालं, "अगं हळू!" सगळ्या बायका पांढऱ्या स्वच्छ साड्यांत अंगणात होत्या. शोभाताई, विहाराच्या महिला मंडळाच्या प्रमुख, चुलीपुढे वाकल्या होत्या. हातात काडेपेटी होती. चुलीत सगळ्यात पुढे माझी लाकडं घातली होती, सरळ, गाठ नसलेली.

"पेटवू नका!" मी ओरडले.

त्या थांबल्या. सगळ्याच थांबल्या. मी म्हटलं, "ते लाकूड विषारी आहे. आत्यांचे डोळे गेलेत त्यानं. त्यात चीक होता, मला माहीत होतं. आत्यांनी मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले." आणि मी बाही वर केली.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. शोभाताईंनी काडेपेटी कमरेला खोचली, पदर हाताला गुंडाळला आणि एकेक लाकूड बाहेर काढून लांब ठेवलं. मग मला म्हणाल्या, "आत्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय उभी राहिलीस? जा ना आधी!"

खीर त्या वर्षी कुणाच्या तरी लग्नातल्या मोठ्या गॅसच्या शेगडीवर झाली. मी खाल्ली नाही. मी आत्यांना घेऊन डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात होते, आणि तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा, आत्या शेजारी बसलेल्या असताना, मी सगळं सांगितलं. झाडाचं नाव सांगितलं, चीक सांगितला, कुकरच्या वाफेचंही सांगितलं. आत्यांनी मान दुसरीकडे वळवली. डोळे बंदच होते त्यांचे, तरी वळवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे काल कळलं असतं तर लगेच धुता आलं असतं." त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यामुळेच ते वाक्य माझ्यातून जात नाही.

डोळ्यांवर पट्टी होती ते दिवस मी मोजले नाहीत. घरात कुणी मला शब्दानं दुखवलं नाही. प्रशांत एकदाच म्हणाला, "यार सारिका, विचारलं होतं ना आईनं." शिंप्यांची माणसं ब्लाउजचे गठ्ठे घेऊन आली की मी दारातूनच परत पाठवायचे. आत्या खाटेवर बसून बोटं हलवत राहायच्या, अंगठा आणि तर्जनी, सुई धरल्यासारखी. मला वाटायचं, या आता कधीच बघणार नाहीत, आणि हे आयुष्यभर माझ्या समोर बसून असेल. रोज सकाळी मी जागी झाले की पहिलं भय तेच यायचं, मग बाकीचा दिवस. मी भांडी घासताना रडायचे, नळ मोठा सोडून.

एका दुपारी त्या आपणहून बोलल्या. "सारिके, तू व्हय म्हनली असतीस तर मी तुला खाल्लं असतं का गं?"

"मला वाटलं तुम्ही लाकडं फेकून द्याल."

"दिलीच असती फेकून!" त्या म्हणाल्या, आणि पट्टीखाली हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या पायांशी बसले आणि पाय चेपत राहिले. त्यांनी नको म्हटलं नाही.

पट्टी निघाली तेव्हा उजवा डोळा लाल होता, पण दिसत होतं. डाव्या बुबुळावर डाग राहिला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू कसं भरतंय, येत राहा. आत्यांनी आधी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला आणि म्हणाल्या, "दिसतंय की. दोनीनं दिसतंय. तू रडायलीस ते बी दिसतंय." त्यानंतर त्या दोनदा तपासायला गेल्या आणि मग म्हणाल्या, झालं आता, कशाला सारखं तिकडं जायचं. आम्ही मानलं. मानायला मला किती सोपं गेलं!

चूल मी विझवली ती कायमची. दगड उचलून टाकले. आता त्या जागी तुळशीची कुंडी आहे आणि आत्या गॅसच्या पाण्यानं आंघोळ करतात. अंग आंबलं का, असं मी एकदा विचारलं. "आंबलं की," त्या म्हणाल्या, "पर आता सवय झाली आंबायची." काजाचं काम त्यांनी त्याच वर्षी सोडलं. कंटाळा आला म्हणाल्या, तीस वर्षं काय कमी असतात! मला ते पटलं. चहा ओतताना कपाच्या बाहेर जायचा, तेव्हा मला वाटलं, वय. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, तेव्हा वाटलं, खोली लहान. मनाला पटवायचं ठरवलं की माणूस किती हुशार होतो ते मी स्वतःच्या अनुभवानं सांगते.

यंदा पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी विहारात डोळे तपासणीचं शिबिर झालं. वस्तीतल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना शोभाताईंनी हाताला धरून आणलं. आत्या नको नको म्हणत होत्या, पण मीच मागे लागले. भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता टांगला होता, मोठ्या ओळी वर, बारीक ओळी खाली. रांग तक्त्यासमोरूनच होती. आत्या पुढे, मी त्यांच्या मागे. रांगेत त्या तक्त्याकडे बघत ओठ हलवत होत्या. मला वाटलं, वाचायला शिकल्या ते आता दाखवायचंय. प्रौढ वर्गात त्या पन्नासाव्या वर्षी वाचायला शिकल्या होत्या आणि त्याचं त्यांना कौतुक होतं.

तपासणाऱ्या मुलीनं आधी डावा डोळा झाकला. आत्यांनी सगळं वाचलं. मग तिनं उजवा झाकला आणि छडी तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर ठेवली. तिथे ल होता.

"हे कुठलं अक्षर, आजी?"

"ग," आत्या म्हणाल्या. ग ओळीतला पहिला होता.

मुलीनं छडी अलीकडच्या अक्षरावर आणली. "हे?"

"म." आणि मग "त," आणि मग "र," ठणठणीत आवाजात, डावीकडून उजवीकडे, जसं रांगेत पाठ केलं होतं तसं, एकही न चुकता. छडी उजवीकडून डावीकडे येत होती. मुलीनं छडी खाली केली. माझे पाय गार पडले, चार वर्षांपूर्वीसारखे.

"आजी," मुलगी हळू म्हणाली, "खरं सांगा, या डोळ्यानं काय दिसतं?"

आत्या पुढे वाकल्या. झाकलेला डोळा तसाच हातानं धरून, आवाज अगदी बारीक करून त्यांनी विचारलं, "माजी सून हाय का मागं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मी मान हलवून नाही म्हटलं.

"नाहीयेत. बाहेर गेल्यात."

"मग सांगते. डाव्यानं निस्ता उजेड येतो. चार सालं झाली. पर ह्ये तिच्यासमोर बोलू नगंस पोरी. लई भित्री हाय ती."

मी पाय न वाजवता बाहेर आले आणि विहाराच्या पायरीवर बसले. अंगणात बायका खिरीच्या पातेल्याला राख लावून घासत होत्या. थोड्या वेळानं आत्या आल्या, हातात चिठ्ठी. मला बघून त्यांनी ती चिठ्ठी मुठीत दुमडली आणि कमरेच्या पिशवीत घातली.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. समदं ठीक हाय म्हनली पोरगी," आत्या म्हणाल्या.

'बरं झालं' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. तेवढे बोलले असते तर आम्ही दोघी सुखानं घरी गेलो असतो, तशाच आणखी कितीतरी वर्षं.

"आत्या," मी म्हटलं, "मी मागेच उभी होते."